फाटक्या गाठोड्यातले रंग

माझ्या कामाला पेणमध्ये अजून नीट नाव मिळालेलं नाही. दुकानाच्या पाटीवर ‘मोबाइल रिपेअरिंग व डेटा रिकव्हरी’ असं लिहिलंय. त्यातलं पहिलं काम माझ्या नवऱ्याचं आणि दुसरं माझं. पुढच्या काउंटरवर हे बसतात. फोनची काच बदलणं, बॅटरी, चार्जिंगची पिन हे सगळं त्यांच्याकडे. पार्टिशनच्या मागे, पंख्याखाली, दोन कॉम्प्युटर मांडून मी बसते. फोनमधून, पेनड्राइव्हमधून, मेमरी कार्डमधून जे गेलं असेल ते परत काढायचं, हे माझं काम. गिऱ्हाईक आलं की हे विचारतात, “फोन बिघडलाय की फोनातलं गेलंय?” फोनातलं गेलं असलं की अंगठ्याने मागे खूण करतात. त्यामुळे काही लोक मला ‘डाटावाल्या मॅडम’ म्हणतात, काही ‘मागच्या मॅडम’. एक आजी ‘परत देणारी बाई’ म्हणायच्या. ते नाव मला सगळ्यांत आवडतं, पण पाटीवर शोभणार नाही असं ह्यांचं मत पडलं.

पुष्कळांना वाटतं की फोनमधून एखादी गोष्ट डिलीट झाली म्हणजे ती जळून गेली. तसं नसतं. भाडेकरू खोली सोडून गेला की मालक दारावरची पाटी उतरवतो, तेवढंच फोन करतो. नवा भाडेकरू येईपर्यंत जुन्याचं सामान आत तसंच पडलेलं असतं. म्हणून माझं पहिलं वाक्य नेहमी एकच असतं : “आता त्या फोनला अजिबात हात लावू नका.” आणि समोरच्या माणसाने माझ्याकडे येण्याआधी त्या फोनवर तासभर हात चालवलेला असतो, हेही ठरलेलंच.

काम गमतीचं आहे. मागे एक नवरामुलगा लग्नाचा व्हिडिओ उडाला म्हणून रडकुंडीला येऊन फोन ठेवून गेला. थोड्या वेळाने त्याचे वडील आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “मॅडम, नाय मिळाला तरी चालंल हां.” मी काम झाल्यावर व्हिडिओ नीट चालतोय का ते तपासलं, तेव्हा उलगडा झाला. वरातीत वडील जे नाचले होते, ते त्यांना स्वतःला बघायचं नव्हतं. मी व्हिडिओ मुलाला दिला. तेव्हापासून बाजारात ते गृहस्थ मला बघितलं की भाजीच्या दुसऱ्या गाळ्याकडे वळतात.

सगळंच मिळतं असं नाही. धरमतरच्या जेटीवर, मालवाहू बार्जवर काम करणारा एक माणूस आला होता. फोन खाडीत पडलेला. त्यात त्याच्या तान्ह्या मुलीचं पहिलं हसणं होतं, दुसरीकडे कुठे ठेवलेलं नव्हतं. खाऱ्या पाण्याशी माझं कधी जमलं नाही. ह्यांनी आणि मी जमेल ते केलं, शेवटी नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मॅडम, तुमी तरी काय करनार,” आणि मेलेला फोन रुमालात गुंडाळून घेऊन गेला. ते रुमालात गुंडाळणं अजून आठवतं.

पण मला सांगायचंय ते प्रणालीबद्दल आणि तिच्या सासऱ्यांबद्दल.

प्रणाली हमरापूरची सून. तिच्या सासऱ्यांचा, काशिनाथदादांचा, गणपतीचा कारखाना आहे. आमच्याकडे मूर्तींच्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती पत्र्याची एक शेड का असेना. मूर्ती पुष्कळजण करतात, पण दादांचं नाव होतं ते रंगासाठी. त्यांचा पितांबराचा पिवळा बघून मुंबईचे व्यापारी लांबूनच सांगायचे, हा माल काशिनाथचा. मुलाला त्यात रस नव्हता. तो डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामावर लागला आणि शिफ्टमध्ये अडकला. हात बसला तो सुनेचा.

त्या दिवशी दुपारी प्रणाली पार्टिशनच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात दोन फोन होते. एक नवा, एक चिखलाने माखलेला. मागे काशिनाथदादा, काठी टेकत, ह्यांनी पुढे केलेल्या स्टुलावर बसत होते. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. कळायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. तोंडातून एकच निघायचं : “तेच.” पाणी पाहिजे तरी “तेच”, राग आला तरी “तेच”. सूर मात्र दर वेळी वेगळा असायचा, त्यावरून ओळखायचं.

“बाबांना घरी एकटं ठेवता येत नाही, ताई, म्हणून घेऊन आले,” प्रणाली म्हणाली. “माझे पत्ते गेले.”

मला आधी वाटलं कुणाचे पत्ते, म्हणजे ॲड्रेस. तर तसं नव्हतं. लग्नाआधी ती तलाठी भरतीची परीक्षा देत होती, तेव्हा अभ्यासासाठी तिने फोनवर एक ॲप घेतलं होतं. पत्त्यांसारखी कार्डं असतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. जे उत्तर आपण विसरतो तो पत्ता ॲप पुन्हा पुन्हा समोर आणतं, जे पाठ झालं ते कधीमधी. तलाठी काही ती झाली नाही, पण हमरापूरला आल्यावर तिने त्याच ॲपवर रंग शिकायला घेतले. दादा एखादा रंग कालवायचे. दाराशी एक फुटकी फरशी होती, तिच्यावर ती त्याचा पट्टा ओढायची आणि उन्हात फोटो काढायची. ती पत्त्याची एक बाजू. दुसऱ्या बाजूला दादांचा आवाज : रंगाचं नाव, त्यात काय घातलं, किती घातलं. मग त्याच फरशीवर दुसरा पट्टा. असे वर्षभर जमवत जमवत कितीतरी पत्ते झाले होते.

“आता बाबा बोलत नाहीत,” ती म्हणाली. “त्यांचा आवाज तेवढ्यातच आहे. रोज सकाळी मी त्यांना लावून दाखवायची. ऐकता ऐकता त्यांचे ओठ हलायचे, ताई. आणि आता रंगकाम सुरू करायचंय. यंदा सगळं मीच करणार. मला निम्मे रंग पाठ आहेत, निम्मे नाहीत.”

झालं होतं असं : फोन शाडूच्या पाण्याच्या बादलीत पडला. बाहेर काढला तेव्हा स्क्रीन लुकलुकत होती. पोरगी हुशार, तिने लगेच ॲपमधून सगळे पत्ते बाहेर काढायला घेतले. अशा वेळी ॲप सगळ्याचं एक गाठोडं बांधतं आणि ते दुसरीकडे पाठवता येतं. गाठोडं जात असतानाच फोन बंद पडला, तो पडलाच. ह्यांनी तो बघितला आणि नकारार्थी मान हलवली. गाठोडं तिच्या नवऱ्याच्या फोनवर आलं होतं, पण शेवटून फाटलेलं. ते कुठल्याच फोनवर उघडेना.

“पण हे ॲप वरती, सर्व्हरवरही एक प्रत ठेवत असेल ना?” मी विचारलं.

तिने नवा फोन माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, “नवा फोन घेतला, ॲप टाकलं. त्याने विचारलं, इथलं वर पाठवू की वरचं खाली आणू? मी घाईत इथलं वर पाठवलं.”

इथे, म्हणजे नव्या फोनमध्ये, काहीच नव्हतं. ते काहीच-नाही वर गेलं आणि वरचं सगळं पुसून बसलं. हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिलाय की मला त्यात कुणाची चूक दिसत नाही. घाबरलेला माणूस पहिलं दिसेल ते बटण दाबतो. दादाही तेवढं ऐकून सुनेकडे बघत म्हणाले, “तेच,” आणि त्यांनी डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं. तो सूर मला कळला.

मी फाटलेलं गाठोडं कॉम्प्युटरवर घेतलं. अशी गाठोडी सुटी करायची एक रीत आहे. आतले तुकडे एकेक करून ओळखायचे आणि बाजूला काढायचे. फोटो निघाले, आवाज निघाले, पत्तेसुद्धा निघाले. प्रणालीने टाळीच वाजवली. पण अडचण पुढे होती. पत्त्यांवर फोटोचं आणि आवाजाचं नाव लिहिलेलं असतं. गाठोड्यात भरताना मात्र ॲप त्या नावांऐवजी नुसते आकडे घालतं, आणि कुठला आकडा म्हणजे कुठलं नाव याची यादी अगदी शेवटी जोडतं. फाटलं होतं ते नेमकं शेवटूनच. लग्नघरात सगळ्यांच्या चपला आहेत, माणसंही आहेत, पण कुठली चप्पल कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही, अशी ती अवस्था.

मी एक आवाज लावून बघितला. स्पीकरमधून खणखणीत आवाज आला :

“हां, ह्यो बघ. वाटीभर पिवळा घ्येयाचा, त्याच्यात शेंदरी नखभर. नखभर म्हंजे नखभरच गो, बोटभर नाय. नायतर देवाला कावीळ व्हयाची.”

पुढच्या काउंटरवर ह्यांना हसू फुटलं. आणि स्टुलावरचे दादा एकदम ताठ झाले. त्यांनी मान वळवून आधी मागे बघितलं, जणू कुणी ओळखीचं आत आलंय.

“ह्याचा फोटो कुठला?” मी प्रणालीला विचारलं. पडद्यावर पिवळ्या पट्ट्यांचे कितीतरी फोटो होते. मला सगळे पिवळेच दिसत होते. तिने दोन-तीन वेगळे काढले, पण छातीठोकपणे सांगेना. पुढचा आवाज तर म्हणत होता, “ह्यो कालचाच. जरा मवाळ केलाय.” कालचा म्हणजे कुठला, हे देवालाच माहीत.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. “हे ॲप आणखी कुठल्या फोनवर कधी उघडलं होतंस का?”

“नाही... हो! दिवाळीला माहेरी गेले होते तेव्हा आईच्या फोनवर. रोह्याला. माझा फोन चार्जिंगला असला की त्यावर बघायची.”

“रोह्याची का गं तू?” माझंही माहेर रोहा. पण तो विषय मी मागे टाकला, कारण दुसरंच काही डोक्यात आलं होतं. त्या फोनवर दिवाळीपर्यंतचे सगळे पत्ते आपापल्या नावांसकट असणार. आणि आईने चुकून ते ॲप उघडलं आणि नेट चालू असलं, तर ॲप वर जाऊन बघणार, वर काहीच नाही हे त्याला दिसणार, आणि खालचंही ते इमानदारीने पुसून टाकणार.

“आईला फोन लाव. आत्ता.”

स्पीकरवर लावला. प्रणालीच्या आईचा आवाज आला. “काय झाला गो? अवेळी फोन क्येलास?”

“आई, फोन बंद कर.”

“आगो, आत्ताच तं लावलास!”

“कट नाही, बंद. पूर्ण बंद. बाजूचं बटण दाबून धर.”

“बंद क्येला तं तुझ्याशी बोलू कशी?”

“बोलू नकोस, आई! त्या फोनमध्ये बाबांचा आवाज आहे. तो पुसला जाईल.”

“व्याह्यांचा आवाज?” मग घाबऱ्या आवाजात, “मी काय नाय क्येला हां. मी फकस्त भजना ऐकते. कुठला बटन म्हनालीस, वरचा का खालचा...” आणि फोन तुटला.

तिने बंद केला की नुसता कट झाला, कळायला मार्ग नव्हता. प्रणालीने पुन्हा लावला. पलीकडून बाईचा यांत्रिक आवाज आला की हा नंबर बंद आहे. तो संदेश ऐकून कुणाला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघितला. दादा मोठ्याने म्हणाले, “तेच!”

दुसऱ्या दिवशी दादांना ह्यांच्या भरवशावर दुकानात बसवून आम्ही दोघी एसटीने रोह्याला गेलो. प्रणालीच्या आईचं घर स्टँडपासून चालत जाण्याइतकं. त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या. हसून स्वागत वगैरे काही नाही, पहिलं वाक्य, “कोनी हात लावला नाय.” मग आम्हाला स्वयंपाकघरात नेलं, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि फोन बाहेर काढला. तांदूळ झटकून माझ्या हातात दिला. शेजारीण संध्याकाळी भजन ऐकायला आली होती, तिलाही सांगितलं नव्हतं म्हणे.

मी आधी सिम बाहेर काढलं, मगच फोन चालू केला. माझ्या पिशवीत लॅपटॉप होताच. वायर जोडली. ते मिनिट मला अजून नीट आठवतं, कारण आम्ही तिघी पडद्यावर वाकून उभ्या होतो आणि बाहेर भंगारवाला ओरडत होता. फोल्डर उघडला. फोटो होते. आवाज होते. प्रत्येकाला त्याचं मूळ नाव होतं. मी सगळं आधी लॅपटॉपवर, मग पेनड्राइव्हवर, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं. इतकी मी कधी घाबरत नाही.

काम झाल्यावर प्रणालीच्या आईने तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवताना म्हणाल्या, “मना पन ऐकवा की, काय बोललेत व्याही.”

प्रणालीने कुठलाही एक आवाज लावला. दादा शेल्याच्या किनारीचा रंग सांगत होते. मध्येच, “हाड् हाड्! ती कोंबडी हाकल आदी.” मग पुन्हा रंग. सांगणं संपलं, पण प्रणालीने रेकॉर्डिंग बंद करायला उशीर केला असावा. ती उठून गेल्याचा आवाज आला. मग लांबून दादा दुसऱ्या कुणाला तरी म्हणत होते, “रोह्याची पोरगी हाय. शेतीच्या घरातली. पन हात काय हाय तिचा! मना इतक्या वर्षात असा हात नाय गावला.”

प्रणाली घास हातात धरून तशीच राहिली. हा पत्ता तिने शंभरदा ऐकला असेल, पण नाव आणि माप ऐकून झालं की पुढे ढकलायची. शेवटपर्यंत कधी ऐकलाच नव्हता.

तिची आई म्हणाली, “माझ्या तोंडावर कवा असा बोलला नाय तो मानूस.” आणि मग आणखी एक भाकरी तिच्या ताटात टाकली, नको नको म्हणत असताना.

पेणला परत आल्यावर मी दोन्हीकडचे तुकडे समोरासमोर ठेवले. रोह्याच्या फोनमधला आणि गाठोड्यातला तुकडा आतून बरोब्बर सारखा निघाला की त्या आकड्याचं नाव कळायचं. हे काम कॉम्प्युटर न कुरकुरता करतो. चहा पिऊन होईपर्यंत दिवाळीपर्यंतचे पत्ते जुळून तयार होते. प्रश्न राहिला दिवाळीनंतरच्यांचा. ते कुठेच नव्हते, फक्त फाटक्या गाठोड्यात. आणि दिवाळीनंतरच दादांनी तिला अवघड रंग शिकवायला घेतले होते.

“आता एकच माणूस उरलाय,” मी म्हणाले. आम्ही दोघींनी स्टुलाकडे बघितलं.

मी मोठा पडदा दादांसमोर ठेवला. त्यावर फोटो मांडले आणि एक आवाज लावला. तो म्हणाला, “ह्यो कालचाच. जरा मवाळ केलाय.” दादांनी ऐकलं, डोळे बारीक केले, डावा हात उचलला आणि एका पट्ट्यावर बोट ठेवलं. मग शेजारच्या दुसऱ्यावर ठेवलं आणि हाताने ‘मागचा’ अशी खूण केली. म्हणजे कालचा तो, आणि मवाळ केलेला हा. मला ते दोन पट्टे आजही एकच वाटतात.

असे चार-पाच दिवस दुपारी दोघं येत राहिले. मी आवाज लावायचे, दादा बोट ठेवायचे, प्रणाली पत्ता जुळवायची. दुकानात आलेली गिऱ्हाइकंही थांबायला लागली. एक रिक्षावाला आपला फोन दुरुस्त होऊन हातात पडला तरी हलेना, “आता ह्यो कुठला सांगतात बगू,” म्हणून. त्याने स्वतःही दोन-तीनदा अंदाज केले. दर वेळी दादा त्याच्याकडे असं बघायचे की तो मान खाली घालून हसायचा. दादांना इतकं मजेत मी पहिल्या दिवशी पाहिलं नव्हतं. आपलाच आवाज आपल्यालाच चिडवतोय असं वाटून ते मध्येच खुदखुदत.

मग मोतिया रंगाचा आवाज आला. मोतिया म्हणजे मूर्तीच्या दागिन्यातल्या मोत्यांचा पांढरा. आवाज सांगत होता, “पांढऱ्यात जरासा पिवळा, आनि कनभर काला.”

दादांनी बोट ठेवलं नाही. हाताने ‘पुन्हा’ अशी खूण केली. मी पुन्हा लावलं. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या.

“ना...” ते म्हणाले.

प्रणाली माझ्याकडे बघायला लागली. “तेच” सोडून त्यांच्या तोंडून काही निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं, तिनेही नव्हतं.

“काय, बाबा?”

“नाय.” मग बराच वेळ ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. “का...ला नाय.”

“काळा नाही? बाबा, तुम्हीच सांगितलंय ना काळा? ऐका, तुम्हीच बोलताय.”

दादा पडद्यावर, म्हणजे स्वतःच्या आवाजावरच, चिडले. त्यांनी मुठीने मांडीवर मारलं. “नि... नि...” ह्यांनी पुढून पंखा बंद केला. रिक्षावाला पुटपुटला, “सांगा दादा, सांगा.” आणि शेवटी ते आलं, अर्धं अर्धं तुटत : “नि...ला.”

“निळा? कणभर निळा?”

दादांनी इतक्या जोरात मान हलवली की काठी खाली पडली.

प्रणाली खाली बसली, फरशीवरच. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “ताई, माझा मोतिया सारखा मळकट यायचा. मला वाटायचं माझाच हात नीट नाही. मी कितीदा तो कालवून फेकून दिला. मला वाटलं, बाबांना विचारू कसं, ते एकदा सांगून बसलेत.”

दादांची जीभ त्या दिवशी घसरली असेल, किंवा मनात निळा असताना तोंडून काळा गेला असेल. धडधाकट माणसाचंही होतं तसं. आता बोलता येत नसलेल्या दादांनी बोलणाऱ्या दादांची चूक पकडली होती, आणि ती सांगायला त्यांना शब्द सापडला होता. त्या दुपारी ह्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, रिक्षावाल्याकडूनसुद्धा नाहीत, आणि तो आधीच देऊन बसला होता म्हणून त्याला परत दिले.

सगळंच जुळलं असं मी म्हणणार नाही. काही आवाज दादांनाही ओळखता आले नाहीत. काही फोटो अर्धेच निघाले, वरची बाजू दिसतेय आणि खाली राखाडी. एका आवाजात दादा कुठल्याशा अबोलीबद्दल इतक्या प्रेमाने बोलतात, आणि त्या अबोलीचा फोटोच नाही. तो रंग गेला. दादा तो पुन्हा कालवतील तर कालवतील. मी ते सगळे अनाथ आवाज वेगळ्या गठ्ठ्यात ठेवून दिले आणि प्रणालीला त्यांचं काय करायचं ते करू दिलं. माझ्या धंद्यात एवढी रुखरुख प्रत्येक कामाच्या शेवटी राहतेच. मिळालेलं माणूस घेऊन जातो आणि न मिळालेलं माझ्याकडे राहतं.

मग ती कामाला लागली आणि आमची गाठ पडेनाशी झाली. हमरापूरच्या बाजूला गेले की पत्र्याच्या शेडमधून रंग फवारणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज यायचा आणि रस्त्याकडेला पांढऱ्या मूर्ती वाळत असायच्या. एकदा मी मुद्दाम डोकावले. प्रणाली नाकावर फडकं बांधून पितांबर रंगवत होती, दादा खुर्चीत बसून बघत होते आणि अधूनमधून काठीने दाखवत होते. मुंबईचा व्यापारी येऊन गेला होता. त्याने माल बघितला, नेहमीसारखा भाव केला, नेहमीसारखी ऑर्डर दिली. रंग कुणी केले हे त्याने विचारलंच नाही. प्रणालीला हे सांगताना इतका आनंद झाला होता की मला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. त्याला फरक दिसला नव्हता.

गणपती होऊन गेल्यावर दोघं पुन्हा दुकानात आले. दादा आता थोडे शब्द बोलतात. एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा वर येतो, पण येतो. रोज सकाळी ते पत्ते ऐकतात आणि मागोमाग म्हणायचा प्रयत्न करतात. प्रणालीने नवा उद्योग सुरू केला होता. त्याच फोटोंवर ती त्यांचा आत्ताचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करत होती. आणि ॲपने तिला अडवलं होतं.

“हे बघा ना, ताई. सारखं विचारतं.”

मी बघितलं. मोतियाचा पत्ता होता. ॲप म्हणत होतं की हाच फोटो असलेला पत्ता आधीपासून आहे. दुबार झालाय. एक काढून टाकायचा का?

मी दोन्ही लावून बघितले. पहिला आवाज एका दमात, ठसक्यात, “पांढऱ्यात जरासा पिवळा, आनि कनभर काला.” दुसऱ्यात आधी नुसता श्वास. लांब कुठेतरी रस्त्यावरून टेम्पो जातो. मग, “पां...ढऱ्यात.” पुन्हा श्वास. “पिव...ला.” आणि मग इतकी वाट बघायला लागते की वाटतं रेकॉर्डिंग संपलं. “नि...ला. कन...भर.”

खरं म्हणजे पहिला पत्ता चुकीचा आहे. मी काम शिकले त्या हिशेबाने चुकीचा नि दुबार माल काढून टाकायचा असतो. पण माझं बोट बटणावर जाईना. मी खुर्ची वळवली आणि स्टुलावर बसलेल्या दादांना विचारलं, “दादा, तुम्हीच सांगा. कुठला ठेवू?”

दादांनी विचार केला. घाई त्यांना कसलीच नव्हती, आणि आम्हालाही नव्हती. पुढे ह्यांच्या काउंटरवर कुणीतरी चार्जर मागत होतं. दादांचे ओठ जुळले, उघडले, पुन्हा जुळले.

“दो...” ते म्हणाले, आणि आम्ही कुणी मदत केली नाही. “दोन...ही.”

मी ‘ठेवा’ दाबलं.